रोजचं आयुष्य कॅमेऱ्यात कसं शिरलं : हौशी छायाचित्रणाची पार्श्वभूमी

१८३८ साली छायाचित्रणाचा आद्य संशोधक लुई दागेर याने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून घेतला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत तो ओस दिसतो. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसं आली-गेली, त्यांचा मागमूसही राहिला नाही. बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. फोटोत दिसणारा पहिला माणूस म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

साधं, रोजचं जगणं फोटोत इतक्या उशिरा का आलं, याचं उत्तर या एका प्लेटमध्ये आहे. लोकांना त्याची हौस होतीच, पण यंत्र आणि रसायन त्याला आत घेत नव्हतं. प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, तिपाईचं ओझं, काच धुण्याची घाई, रोलची किंमत अशा अडचणी एकेक करून सुटत गेल्या आणि दर वेळी घराघरातला नवा विषय फोटोत आला. जुना घरगुती फोटो वाचायचा असेल तर आधी तो कुठल्या यंत्राने काढला ते पाहावं, असं आमचं ठाम मत आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची (काचेवर पातळ पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रवाची) ओली प्लेट आणली. चित्र सुरेख यायचं, पण कृती अशी: काच घासून पुसायची, तिच्यावर कलोडियन ओतून चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवायचं, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटं बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची, म्हणजे रसायनाने प्रतिमा उघड करायची. हे सगळं साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. काच वाळली की कलोडियनचा पापुद्रा घट्ट होतो, धुण्याचं रसायन आत शिरत नाही आणि प्लेट वाया जाते. त्यामुळे बाहेर फोटो काढायचा तर तंबू, बाटल्या, पाणी असं सगळं बिऱ्हाड बरोबर. हौशी माणसं तेव्हाही होती, पण ती पैसा आणि फुरसत दोन्ही असलेली. त्यांच्या फोटोंत देखावे, इमारती आणि सजून बसवलेली माणसं जास्त, हे ओघानेच आलं.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट याने दाखवलं की तयार मिश्रण काही दिवस कोमट ठेवलं तर सिल्व्हर ब्रोमाइडचे कण मोठे होतात आणि प्लेट खूपच जास्त संवेदनशील होते. आता भर उन्हात एक पंचविसांश सेकंद पुरू लागला. पूर्वी लेन्सचं झाकण हाताने काढायचं, मनात अंक मोजायचे आणि झाकण परत लावायचं, एवढ्यावर भागत असे. एक पंचविसांश सेकंद हाताने कसा साधणार? म्हणून यांत्रिक शटर आलं. तिपाई सुटली, आणि प्लेटा कारखान्यात तयार होऊन खोक्यात मिळू लागल्या. १८९०च्या दशकात लंडनमध्ये पॉल मार्टिन हा लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर काखेत पार्सलसारखा दिसणारा कॅमेरा घेऊन बाजारात आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरला. फोटो निघतोय हे समोरच्याला कळायचंही नाही. बिनपोजची माणसं दाखवणारे जे पहिले भरघोस संग्रह आहेत त्यांत त्याचा संग्रह येतो.

धुणं मात्र अजून ज्याचं त्यालाच करावं लागे. ती अडचण जॉर्ज ईस्टमनने १८८८च्या कोडॅक कॅमेऱ्याने काढून टाकली. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल भरलेला, चित्र गोल आणि सुमारे ६३ मिलिमीटर व्यासाचं. दोरी ओढून शटर ताणायचं, बटण दाबायचं, किल्ली फिरवून रोल पुढे सरकवायचा. व्ह्यूफाइंडर, म्हणजे चौकट पाहायची खिडकी, नव्हता. खोक्याच्या वर कोरलेल्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या रेघांवरून नेम धरायचा. रोल संपला की अख्खा कॅमेरा अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून आणि कॅमेरा नव्या रोलसह परत मिळे. सुरुवातीचा रोल कागदी होता. त्यावरचा जिलेटिनचा थर सोडवून काचेवर चढवावा लागे आणि ते नाजूक काम घरी करण्यासारखं नव्हतं. १८८९ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आल्यावर ही कटकट संपली.

चित्र गोल ठेवण्यामागे कारण होतं. साध्या लेन्सची कड अंधूक येते, ती गोलाने झाकली जाते. शिवाय कॅमेरा थोडा तिरका धरला तरी चौकट वाकडी वाटत नाही. या फोटोंत चालणारी माणसं पुसट का, हेही हिशेबाने कळतं. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस एक पंचविसांश सेकंदात साडेपाच सेंटिमीटर पुढे जातो. तो पाच मीटरवरून आडवा जात असेल तर या कॅमेऱ्याच्या ५७ मिलिमीटर लेन्समधून चित्रावर त्याची अर्ध्या मिलिमीटरहून मोठी फरफट उमटते, आणि ती साध्या डोळ्यांना दिसते. तोच माणूस समोरून चालत आला तर फरक जाणवत नाही. त्या काळच्या रस्त्यांच्या फोटोंत समोरून येणारे स्पष्ट आणि आडवे जाणारे धूसर दिसतात, ते यामुळे.

फेब्रुवारी १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आला. पुठ्ठ्याचं खोकं, एका भिंगाची लेन्स, ५७ मिलिमीटर चौरस सहा फोटो. कॅमेरा १ डॉलर, रोल १५ सेंट. तो मुलांसाठी म्हणून विकला गेला आणि मुलांनी त्याच्याने घरातलं कुत्रं, भावंडं, अंगण असं काहीबाही टिपलं. कुणाला मुद्दाम टिपावंसं वाटलं नसतं असं पुष्कळ काही त्यांच्यामुळे उरलं.

खोक्याच्या कॅमेऱ्यांचे दोष ओळखता आले पाहिजेत, कारण जुने अल्बम त्यांनीच भरलेले आहेत.

शटरचा वेग आणि लेन्सचं छिद्र ठरलेलं, फिल्म आजच्या आयएसओ १००पेक्षा (आयएसओ म्हणजे संवेदनशीलतेचं माप) बरीच मंद. उन्हात हिशेब जमायचा, सावलीत प्रकाश आठवा हिस्सा उरला की चित्र फिकट, आणि घरात तर प्रकाश शेकडो पटींनी कमी. म्हणून सूचना असे: ऊन पाठीशी घ्या. परिणामी समोरच्यांचे डोळे किलकिले, आणि सकाळ-संध्याकाळी फोटो काढणाऱ्याची लांब सावली चौकटीत. पुष्कळ अल्बमांत फोटो काढणाऱ्याची हीच एक खूण सापडते. स्वयंपाकघरातली, आजारपणातली, रात्रीची दृश्यं त्या अल्बमांत जवळजवळ नसतात. ती घडत नव्हती असा अर्थ कुणी काढू नये.

पोटाशी धरायच्या कॅमेऱ्यात वरून पाहण्याचा चिमुकला आरसा असे. त्यात डावं-उजवं उलट दिसायचं. हलणाऱ्या मुलामागे कॅमेरा फिरवायला जावं तर हात उलटीकडे वळे आणि मूल चौकटीच्या कडेला जाई. उंची मात्र मुलाच्या डोळ्यांजवळची मिळे, म्हणून मुलांचे हे फोटो सुंदर असतात आणि मोठी माणसं खालून पाहिल्यासारखी. पुढे डोळ्याला लावायचे कॅमेरे आले तेव्हा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर पाच-सहा सेंटिमीटरवर बसला. दहा मीटरवर तो फरक नगण्य, पण एका मीटरवर त्याने डोकं कापलं जातं. लेन्ससमोर आलेलं बोट फोटो काढणाऱ्याला दिसत नाही, तेही याच कारणाने.

एकावर एक छापलेली दोन चित्रं दिसली तर रोल सरकवायचा राहिलेला असतो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि शटरचा तिच्याशी काही संबंध नसे. खिडकी लाल ठेवली कारण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नव्हता. सर्व रंग टिपणारी फिल्म आल्यावर मात्र त्याच खिडकीतून प्रकाश शिरून गोल डाग पडू लागले. कडेने आत आलेली पांढरी झाक दिसली तर रोल सैल गुंडाळला गेला असं समजावं.

कुणीही कुणाचाही फोटो झटकन काढावा, हे काहींना आवडलं नाही. १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध कायदेविषयक लेख लिहिला, त्यात झटपट काढलेल्या फोटोंची तक्रार स्पष्ट आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

ठिकाणांची नोंद ठेवण्याचं काम वेगळ्या वाटेने झालं. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या वॉरविकशायरमध्ये हौशी मंडळींनी आपल्या भागाची छायाचित्र पाहणी सुरू केली. १८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी राष्ट्रीय पातळीवर तशीच संस्था काढली आणि ती १९१० पर्यंत चालली. जुन्या इमारती, चालीरीती, सण यांचे हजारो प्रिंट ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाले. प्रिंट टिकाऊ हवा हा त्यांचा आग्रह होता, म्हणून प्लॅटिनमच्या छपाईला पसंती. प्लॅटिनम चांदीसारखं काळवंडत वा उडत नाही. २००५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चालू असलेला जिओग्राफ प्रकल्प याच वळणाचा आहे: नकाशावरच्या प्रत्येक एक किलोमीटर चौकोनाचा किमान एक फोटो, आणि तो काढणार कोणीही. शेताचा बांध, बसथांबा, पाण्याची टाकी असं कुणी एरवी टिपणार नाही ते त्यात येतं.

फोटोवर नोंद ठेवण्याची सोयही एकदा कॅमेऱ्यातच होती. १९१४ मध्ये आलेल्या कोडॅकच्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्यात मागे छोटी झडप असे. ती उघडून टोकदार सळईने कागदावर तारीख-ठिकाण लिहायचं, मग काही सेकंद उजेड दाखवायचा. अक्षरं दोन चित्रांमधल्या पट्टीत निगेटिव्हवरच उमटत. ही कल्पना विस्मरणात गेली याची हळहळ वाटते.

घराच्या आत शिरायला प्रकाश हवा होता. १८८७ मध्ये मॅग्नेशियमची झगमगती पूड आली, पण धूर आणि भाजण्याचा धोका मोठा. १९२९ मध्ये जर्मनीत बंद काचेचा फ्लॅशबल्ब विक्रीला आला आणि पुढच्या काळात वाढदिवस, जेवणाची पंगत, रात्रीचे पाहुणे अल्बममध्ये दाखल झाले. मग फ्लॅश लेन्सला जितका खेटून बसला तितके डोळे लाल येऊ लागले. अंधारात बाहुली विस्फारलेली असते, प्रकाश आतल्या रक्तवाहिन्यांवरून सरळ लेन्सकडे परततो. खोलीतले दिवे लावून बाहुली लहान केली किंवा फ्लॅश लेन्सपासून दूर धरला की लाली जाते.

१९२५ मध्ये ऑस्कर बार्नाकचा लायका कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरचे ३६ फोटो, पण हौशी घरांसाठी तो महागच. खरी लाट कोडॅकच्या १९६३च्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याने आणली. रोल ओवायचा नाही, प्लास्टिकची डबी टाकायची आणि झाकण लावायचं. १९७० पर्यंत असे पाच कोटींहून अधिक कॅमेरे बनले. रंगीत प्रिंट नेहमीचे झाले ते याच सुमारास.

आणि त्याच प्रिंटांची आज सर्वांत वाईट अवस्था आहे. रंगीत कागदातले रंग कायमचे नसतात. १९५० ते ७०च्या दशकांतल्या कितीतरी प्रिंटांत निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही उडाला, म्हणून चित्र तांबूस दिसतं. भिंतीवर उजेडात टांगलेल्या प्रिंटचा बिघाड वेगळा असतो, कारण तिथे दुसरे रंग आधी विटतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरचे पिवळे-तपकिरी डाग हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारं रसायन, पुरेसा न धुतल्याचे. चिकट पानांचे अल्बम सर्वांत घातक: गोंद कालांतराने तपकिरी होतो आणि फोटो घट्ट पकडतो. ओढून काढू नये. पानामागून पातळ दोरा करवतीसारखा सरकवावा, आणि तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करावं.

निगेटिव्हची कड आधी पाहावी. नायट्रेट असा शब्द असेल तर ती जुनी ज्वालाग्राही फिल्म: उष्णतेपासून दूर, इतर निगेटिव्हपासून वेगळी ठेवावी. सेफ्टी असेल तर बहुधा सहज न पेटणारी अॅसिटेटची फिल्म, आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती कुजू लागली आहे. तो वास शेजारच्या फिल्मलाही बाधतो, म्हणून हवाबंद डब्यात कोंडू नये.

तारीख ठरवताना एक चूक वारंवार होते. काही प्रिंटांच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते धुतल्याचं आहे, फोटो काढल्याचं नाही. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहणं सर्रास घडे. त्यामुळे कडेवर फेब्रुवारी आणि चित्रात उन्हाळा, यात विसंगती काहीच नाही.

डिजिटलचं मूळ १९७५चं. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनच्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला ०.०१ मेगापिक्सेलचं एक चित्र कॅसेटवर लिहायला २३ सेकंद लागत. २००० साली जपानमध्ये आलेल्या शार्पच्या जे-एसएच०४ या फोनमध्ये १ लाख १० हजार पिक्सेलचा कॅमेरा होता. चित्र कसंबसंच, पण पुढचा फोटो फुकट होता आणि यंत्र कायम खिशात. तेव्हापासून मीटरचं रीडिंग, औषधाची चिठ्ठी, गाडी उभी केलेल्या खांबाचा क्रमांक हेही फोटोंचे विषय झाले. पुढच्या पिढीला आजचं घर कळेल ते बहुतेक अशाच फोटोंतून.

नोंदीचा प्रश्न मात्र तसाच आहे. फाइलमधली वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची असते, आणि बॅटरी संपून घड्याळ मूळ तारखेवर गेलं की पूर्ण सहल चुकीच्या वर्षात जाते. मेसेजमधून आलेल्या प्रतीत तारीख आणि ठिकाण बहुधा गळलेलं असतं, आकारही घटलेला. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्यावी. जुना प्रिंट स्कॅन करताना पांढऱ्या कडेसह आणि मागच्या बाजूसह करावा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहून मगच प्रिंट आत सरकवावा.