नवतप्याची तारीख आणि नागपूरचं ऊन

मेची 25 तारीख जवळ आली की नागपुरात घरोघरी सूचना सुरू होतात. नवतपा लागतोय, दुपारी निघू नका, दुपट्टा बांधा, पन्हं घेतल्याशिवाय घर सोडू नका, खिशात कांदा ठेवा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस नवतपा, म्हणजे साधारण 2 जूनपर्यंत. याच दिवसांत माठ दान करायचा, पाणपोई लावायची, ही रीतही जुनी.

याच सुमारास मोबाइलवर दरवर्षी एक संदेश फिरतो: नवतप्यात सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. हे साफ चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा नागपूरकर स्वेटर घालून फिरत असतात. मेअखेरीस हे अंतर 15.1 कोटींच्या पुढे गेलेलं असतं.

तापतं ते ऊन सरळ डोक्यावर पडतं म्हणून. नागपूर साधारण 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य 26 मेच्या सुमारास बरोबर आपल्या माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास गच्चीवर पाइपचा तुकडा उभा करून बघा, सावली बुडाखाली गडप होते. (ठोक बाराला नाही, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला.) शून्य सावलीचा दिवस हा असा नवतप्याच्या सुरुवातीलाच येतो.

पण परतीच्या वाटेवर, जुलैच्या मध्यात, सूर्य पुन्हा नागपूरच्या माथ्यावर येतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही, कारण वर ढग असतात. मेमध्ये आकाश निरभ्र, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, वारा वायव्येकडून येणारा कोरडा. जमिनीत ओल असती तर बरीचशी उष्णता ती वाळवण्यात खर्ची पडली असती. ओल नसल्यामुळे ती सगळी उष्णता हवा तापवण्यात जाते. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले, नवतपा लागायच्या दोन दिवस आधी. 2024 च्या नवतप्यात 56 अंशांची बातमी गाजली होती, पण तो स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्यानंच स्पष्ट केलं.

मला खरी गंमत वाटते ती तारखेची. नवतपा बांधलेला आहे नक्षत्राशी, आणि ऋतू बांधलेले आहेत पृथ्वीच्या आसाच्या कलाशी. हा आस मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डोलत सुमारे 25,800 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे सूर्य रोहिणीत शिरण्याची तारीख दर 72 वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहानं 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं, तेव्हाचा नवतपा आजच्या कॅलेंडरनुसार 20-21 मेला लागत असणार. चौदाशे वर्षांपूर्वी तो मेच्या पहिल्या आठवड्यातच लागून, सूर्य नागपूरच्या माथ्यावर येण्याआधीच संपत होता. हिशोब केला तर शून्य सावलीचा दिवस या नऊ दिवसांत आला तो साधारण 500 वर्षांपूर्वी, आणि आणखी शे-सव्वाशे वर्षांत तो बाहेर पडेल. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं हाच घोळ निस्तरायला ऋतूंशी बांधलेलं राष्ट्रीय पंचांग सुचवलं. ते 22 मार्च 1957 पासून लागू झालं, पण घरातल्या भिंतीवर काही ते रुळलं नाही.

‘नवतपा तापला तर पाऊस चांगला’ हा ठोकताळा मात्र ढिला आहे. वायव्य भारत तापून तिथे हवेचा दाब कमी होणं मान्सूनला पोषक असतं, हे खरं. पण चार महिन्यांच्या पावसात प्रशांत आणि हिंदी महासागरांच्या तापमानाचाही मोठा हात असतो. मेअखेरच्या उन्हावरून किंवा एखाद्या वादळी सरीवरून ते कळत नाही.

उरल्या सूचना. पन्ह्यात पाणी, मीठ, गूळ एकत्र असतात, आणि आतड्यात मीठ व (गुळातून मिळणारं) ग्लुकोज सोबत असले की पाणी लवकर शोषलं जातं. जलसंजीवनीचं तत्त्व हेच. दुपट्टाही कामाचा, कारण हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर वारा अंग थंड करण्याऐवजी तापवतो. खिशातला कांदा काही करत नाही, तो ताटात घ्यावा.

माठ आणि कूलर दोन्ही चालतात बाष्पीभवनावर. मातीतून झिरपलेलं पाणी उडताना दर ग्रॅममागे 580 कॅलरींच्या आसपास उष्णता ओढून नेतं. मेच्या कोरड्या हवेत हे झपाट्यानं होतं, म्हणून कूलर इथे इतका गार वारा देतो. जून उजाडला, हवेत दमटपणा आला, की कूलर नुसता चिकट वारा फेकतो. घामाचंही तेच होतं: तो वाहतो, पण उडत नाही. थर्मामीटर 38 दाखवत असला तरी बांधकामावरच्या मजुराला किंवा रिक्षावाल्याला उष्माघात होऊ शकतो. पाणपोया मात्र नेमक्या तेव्हाच, पहिली सर आली की उचलल्या जातात. त्या पाऊस नीट बसेपर्यंत, म्हणजे किमान जूनअखेरपर्यंत, चालू ठेवायला हव्यात.