साधी एअरशिप आणि हायब्रिड एअरशिप: केएसपीत बनवताना होणारा घोळ

कर्बल स्पेस प्रोग्राम (केएसपी) या रॉकेट-विमानं बनवायच्या गेममध्ये एअरलँडर १० या खऱ्या हायब्रिड एअरशिपसारखं काहीतरी बनवू म्हणून बरेच जण बसतात, दोन लांबट फुगे शेजारी शेजारी जोडतात, बॉयन्सी (फुग्यातल्या गॅसमुळे मिळणारी उचल) फुल करतात आणि म्हणतात झालं हायब्रिड. तसं नाहीये ओ. दिसतंय हायब्रिड पण उडतंय साध्या एअरशिपसारखंच. (मूळ गेममध्ये बॉयन्सी फक्त पाण्यात आहे, हवेत नाही, त्यामुळे हुलिगन लॅब्ससारखा एअरशिपचा मॉड (गेममध्ये वरून टाकायची भर) टाकूनच सुरुवात करा.)

साध्या एअरशिपमध्ये जेवढं वजन जवळपास तेवढीच बॉयन्सी. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो, म्हणजे ४० टनांसाठी ४०,००० घनमीटरच्या आसपास. इंजिन बंद केलं तरी ती हवेत लटकून राहते.

हायब्रिड मुद्दाम हवेपेक्षा जड ठेवतात. एअरलँडर १० चा ढोबळमानाने ६० टक्के भार हेलियमवर आणि बाकीचा त्या पसरट, पंखासारख्या बॉडीवर. आता आपल्या ४० टनांच्या मॉडेलला हेच लावा, बॉयन्सी २४ टनांवर आणा, उरलेले १६ टन वेगातून काढायचे. आणि इथेच गंमत आहे, लिफ्ट (बॉडीवरून हवा वाहिल्याने मिळणारी उचल) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, ४० मीटर प्रति सेकंदला १६ टन मिळत असेल तर नाक तसंच ठेवून २० ला फक्त ४ टन मिळेल, म्हणून कमी वेगात नाक वर घ्यावं लागतं किंवा इंजिनं खाली वळवावी लागतात. यान जोडायच्या एडिटरमधला निळा गोळा पंखांच्या लिफ्टचा असतो, त्याला बॉयन्सीचं केंद्र समजू नका.

मग जड कशाला ठेवायचं? तर माल उतरवण्यासाठी. साध्या एअरशिपखाली १० टनांचा रोव्हर (चाकांची गाडी) लावा, जमिनीजवळ जाऊन डिकपलर (जोड सोडवणारा भाग) दाबा, रोव्हर सुटला की ती जी वर सुटते ती थांबतच नाही, बॉयन्सी लगेच कमी करायला लागते. खऱ्या एअरशिपला त्यासाठी पाण्याचं बॅलास्ट (तोल राखायचं वजन) घ्यावं लागतं नाहीतर गॅस सोडावा लागतो. नुसतं इंधन जळालं तरी वजन घटतं, म्हणून तर १९२८ च्या ग्राफ झेपेलिनमध्ये ब्लाउगास हे वायुरूप इंधन वापरायचे, त्याची घनता जवळपास हवेइतकीच, जळलं तरी बॅलन्स बिघडत नाही. मला हा उपाय अफाट आवडतो. आपली हायब्रिड मात्र १० टन उतरवले तरी ३० टन वजन आणि २४ टन बॉयन्सी, शांत जमिनीवर बसून राहते.

घोळ होण्याचं कारण असं की साधी एअरशिपसुद्धा नाक वर करून चालवली की थोडी लिफ्ट देते, पायलट ती वापरतातही. तेवढ्याने ती हायब्रिड होत नाही. पाचशे मीटरवर इंजिनं बंद करा, लटकून राहिली तर साधी, हळूहळू खाली यायला लागली तर हायब्रिड.

आणि गेममधल्या ईव्ह ग्रहावर नेणार असाल तर सेटिंग बदलूनच न्या, तिथे खालची हवा कर्बिनच्या (गेममधल्या पृथ्वीसारख्या ग्रहाच्या) साधारण पाचपट दाट, घनतेच्या हिशोबाने तोच २४ टनवाला फुगा शंभर टनांच्या वर उचलेल आणि तुमची हायब्रिड जमिनीला टेकणारच नाही.