जुन्या ठाण्याच्या कपाटांत लिव्हर, कोलगेट, कॅडबरीचे शेअर आले कुठून?

नौपाडा, चरई भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या तशी घराघरांतली कपाटं आणि माळे रिकामे होऊ लागले. त्यात बऱ्याचदा एक फाइल निघते: हिंदुस्थान लिव्हर (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर), कोलगेट, कधी कॅडबरी इंडियाची कागदी शेअर सर्टिफिकेटं. दर्शनी मूल्य 10 रुपये, पहिलं नाव आजोबांचं, दुसरं आजीचं. (लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतलेला नसेल, तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात.) आजोबा बाजार कोळून प्यायले होते, असा घरच्यांचा समज होतो. असतीलही. पण खरं श्रेय बरंचसं दिल्लीतल्या एका कायद्याचं आहे.

लिव्हरचा सनलाइट साबण 1888 मध्येच कोलकात्याच्या बंदरात उतरला होता. पुढे 1930च्या दशकात डालडा, साबण आणि प्रसाधनं यांसाठी तीन वेगळ्या कंपन्या निघाल्या. त्या 1956 मध्ये एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर झाली आणि 10 टक्के भांडवल भारतीयांना देऊ केलं गेलं. हे कंपनीने आपणहून केलं, हे विशेष. बाकीच्या बऱ्याच विदेशी कंपन्यांना मात्र ढकलावं लागलं.

ढकललं ते 1973च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे फेराने. साबण, टूथपेस्ट, चॉकलेट यांत काय मोठं तंत्रज्ञान, असा सरकारचा रोख होता. अशा धंद्यांत विदेशी हिस्सा 40 टक्क्यांवर आणा, नाहीतर गाशा गुंडाळा. कोका-कोलाने 1977 मध्ये दुसरा रस्ता धरला. कोलगेटने 1978 मध्ये शेअर लोकांना विकले. लिव्हरने रसायनं आणि निर्यात वाढवून 51 टक्के राखले. ती वेगळी आणि लांबलचक कहाणी आहे.

मुद्दा किमतीचा. त्या काळी नव्या शेअरचा भाव कंपनी ठरवत नसे, बाजारही नाही. दिल्लीतले भांडवल नियंत्रक ठरवत. त्यांचा हिशेब पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) आणि मागच्या नफ्यावर चाले. घराघरांत पोचलेल्या नावाची किंमत त्यात जवळजवळ शून्य. साहजिकच शेअर फार स्वस्त पडत आणि अर्जांचा पाऊस पडे. मग बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावाने फॉर्म भरायचे, आणि वाटपात ज्याला लागले त्याचं नशीब. पगारदार मध्यमवर्गाला शेअर ही चीज कळली ती अशी, सोडतीसारखी.

1991 नंतर वारं फिरलं. विदेशी हिस्सा 51 टक्क्यांपर्यंत नेता येऊ लागला, तेव्हा काही कंपन्यांनी आपल्या विदेशी पालक कंपनीला बाजारभावापेक्षा खूप कमी दरात नवे शेअर दिले. त्यावर ओरड झाली आणि 1994 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, अशा वाटपाच्या भावाला नियम घातला.

ठाणेकरांना जवळचं उदाहरण कॅडबरीचं. पोखरण रोडवरच्या त्यांच्या कारखान्याने हमरस्त्यावरच्या चौकाला नाव दिलं, रिक्षावाल्याला ‘कॅडबरी’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. फेराच्या काळात हिचेही शेअर लोकांच्या हाती आले. 2002 मध्ये पालक कंपनीने लोकांकडचे शेअर विकत घ्यायला शेअरमागे 500 रुपयांचा देकार दिला आणि 2003 मध्ये कॅडबरी इंडिया शेअर बाजारातून बाहेर पडली. थोडे भागधारक मात्र अडून बसले. उरलेले शेअर रद्द करून पैसे द्यायची योजना 2009 मध्ये आली, तेव्हा भाव होता 1,340 रुपये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मूल्यांकनं झाली, आणि 2014 मध्ये न्यायालयाने 2,014 रुपये 50 पैसे मान्य केले. बारा वर्षांत चौपट. हटवादीपणाला एवढा परतावा क्वचित मिळतो! पण डेअरी मिल्कचा धंदा त्यानंतर कितीही वाढला तरी त्यात या मंडळींचा वाटा उरला नाही.

आज ऐरोली-महापेच्या ऑफिसात बसून कुणी मोबाइलवर लिव्हर-कोलगेटचे शेअर विकत घेतो, तेव्हा ‘आजोबांनी ठेवले आणि सोनं झालं’ हा दाखला हमखास दिला जातो. धंदे चांगले आहेत, वाद नाही: कर्ज नगण्य, माल रोज खपणारा, लाभांश नियमित. पण आता ब्रँडची पुरेपूर किंमत भावात धरलेली असते. शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या पन्नासपट भाव या क्षेत्रात नवा नाही. एवढ्या भावाने घेतलं की काय होतं, ते लिव्हरनेच दाखवलं आहे. 2000च्या सुमारास शेअर शिखरावर होता. त्यानंतर विक्रीची वाढ मंदावली, 2004 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने टाइड आणि एरियलचे भाव उतरवले, लिव्हरलाही सर्फचे उतरवावे लागले आणि नफा आटला. त्या शिखरावर घेतलेल्याच्या पदरात 2010 पर्यंत लाभांशापलीकडे फारसं काही पडलं नव्हतं.