हद्दीबाहेरचे शहर

नागरीकरणाचा विषय निघाला की बोट स्थलांतराकडे जाते. शेतीचे तुकडे झाले, पाऊस रुसला, माणसे गाडीत बसली आणि शहरे फुगली. हे खोटे नाही. पण 2011च्या जनगणनेत जे दिसले ते एवढ्याने उलगडत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत देशाच्या नागरी लोकसंख्येत सुमारे 9.1 कोटींची भर पडली, तर ग्रामीण लोकसंख्येत त्याहून किंचित कमी, सुमारे 9.05 कोटींची. शहरांनी खेड्यांना असे मागे टाकले होते ते थेट 1911-21च्या दशकात, आणि तेव्हा साथींनी खेडीच रोडावली होती.

मग ही शहरी माणसे आली कुठून? बरीचशी कुठूनच आली नाहीत. ती होती तिथेच राहिली, त्यांच्या गावाचा रकाना बदलला. 2001 मध्ये देशात 5,161 नगरे होती, 2011 मध्ये 7,935. या 2,774 च्या वाढीत नगरपालिका, नगरपंचायत वगैरे मिळालेली वैधानिक नगरे फक्त 242. उरलेली 2,532 ही ‘जनगणना नगरे’, म्हणजे मोजणीपुरती शहरे. तिथला कारभार ग्रामपंचायतीच्याच हातात राहिला. दशकातल्या एकूण नागरी वाढीपैकी साधारण तीस टक्के वाढ या रकानाबदलातून आली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

गाव जनगणना नगर ठरायचे तर निकष तीन: किमान 5,000 वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. तिसरा निकष वाचताना बहुतेकांची नजर टक्क्यांवर थांबते, ‘पुरुषांपैकी’ या शब्दावर नाही. नवरा एमआयडीसीत आणि बायको शेतात, हे चित्र शहरांच्या वेशीवर सर्रास दिसते. तिथे बायकोचे काम धरलेच जात नाही आणि गाव शहर ठरते. शिवाय जनगणना नगरांची यादी मोजणीनंतर नव्हे, आधीच तयार होते. 2011 साठी 2001च्या आकड्यांवरून 4,000 च्या वर वस्ती असलेली गावे निवडली गेली. म्हणजे गाव शहर झाले की नाही, याचा निवाडा दहा वर्षे जुन्या माहितीवर.

व्याख्या कडक केली की उलटेही होते. 1961 मध्ये नवे निकष लावल्यावर आदल्या जनगणनेतली सुमारे 800 नगरे यादीतून गळाली. त्या दशकात नागरी प्रमाण 17.3 टक्क्यांवरून जेमतेम 18 वर गेलेले दिसते, आणि ‘1950च्या दशकात शहरीकरण मंदावले’ असे वाक्य अजूनही लिहिले जाते.

केरळात हा खेळ सर्वांत ठळक दिसला. 26 टक्के नागरी असलेले राज्य दहा वर्षांत 47.7 टक्के नागरी झाले. माडाच्या वाडीतली घरे जागची हलली नाहीत. घरातल्यांची कामे तेवढी बदलली.

खरी गुंतागुंत पुढे आहे. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनेत जागा दिली, पण कोणत्या वस्तीला नगर म्हणायचे याचे आकडे घातले नाहीत. ते राज्यांवर सोपवले. राज्यांसमोर दोन्हीकडून ओढ असते. ग्रामीण राहिले तर रोजगार हमी आणि ग्रामीण योजनांचा निधी, घरपट्टी कमी, बांधकाम परवानगीचा जाच कमी. नागरी झाले तर विकास आराखडा, गटारे, अग्निशमन, आणि त्याबरोबर करही. तमिळनाडूने 2004 मध्ये पाचशेहून अधिक नगरपंचायती एका फटक्यात ग्रामपंचायती केल्या, ग्रामीण निधी मिळावा म्हणून. दोन वर्षांत निर्णय फिरवला.

आपल्याकडचे ठळक उदाहरण कल्याण-डोंबिवलीलगतच्या 27 गावांचे. 1983 मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावे हद्दीत घेतली. कर वाढले, पाणी आणि रस्ते आले नाहीत, अशी तक्रार करत गावकऱ्यांनी संघर्ष समिती उभी केली, आणि 2002 मध्ये गावे बाहेर काढली गेली. मधल्या काळात मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग तिकडे सरकला. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर इमारती उठल्या. एकेका इमारतीत जुन्या पाड्याएवढी माणसे. सांडपाणी कुठे जायचे हे कुणाच्याच आराखड्यात नव्हते, कारण आराखडा करणारे कार्यालय वेगळे आणि परवानगी देणारे वेगळे. 2015 मध्ये गावे पुन्हा आत घेतली. 2020 मध्ये 18 गावे पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय झाला, तोही त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. तोवर मूळ ग्रामस्थांची मागणी स्वतंत्र नगरपालिकेची झाली होती. म्हणजे त्यांना शहर नको होते असे नाही. दुसऱ्याच्या शहराची शेपटी व्हायचे नव्हते. हद्दवाढीच्या बातम्यांत ही बाजू हटकून गाळली जाते आणि गावकरी ‘कर बुडवणारे’ ठरतात. त्यात तथ्य असेलही, पण पाण्याची लाइन येण्याआधी पट्टीचे बिल येत असेल तर ओरड होणारच.

याच महाराष्ट्राने 2014 मध्ये सगळ्या तालुका मुख्यालयांना नगरपंचायत देण्याचा निर्णय घेतला. जनगणनेच्या निकषांवर त्यातली काही गावे शहर म्हणून टिकली नसती. एकीकडे पन्नास हजार वस्तीची ग्रामपंचायत असू शकते, दुसरीकडे शेतावर जगणारी नगरपंचायत.

समाजावरचा परिणाम मोजणीतले शहर आणि कारभारातले गाव यांच्यातल्या या फटीतून येतो. ग्रामसभेला जुनी घराणी बसतात. भाड्याने आणि कर्जाने आलेली कुटुंबे संख्येने जास्त असूनही तिथे परकीच राहतात. जमीन विकलेल्याच्या घरी एका पिढीत पैसा येतो आणि त्याच पिढीत संपतोही. भूमिहीन मजुराकडे विकायला काही नसते, त्याच्या हातचे शेतीकाम मात्र जाते. कचरा ओढ्यात आणि टँकर दारात, हे दोन्हीकडे सारखे.

2021 ची जनगणना झालीच नाही. आता मोजणी 2027 मध्ये होणार आहे. तोवर देशाचे अधिकृत नागरी प्रमाण 2011 चेच, 31.16 टक्के, आणि वित्त आयोगांनी दिलेली अनुदाने ग्रामीण व नागरी अशा दोन वाट्यांतच विभागलेली. जनगणना नगराला त्यातला ग्रामीण वाटा मिळतो. त्यातून मलनिस्सारण केंद्र उभे राहात नाही.