पागे योजना
महाराष्ट्र शासनाच्या रोजगार हमी योजनेचे (रोहयो) मूळ रूप. विधान परिषदेचे १९६० ते १९७८ या काळातील सभापती विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांच्या कल्पनेतून ते सिद्ध झाले. मागेल त्याला काम व कामाला दाम, हे तिचे सूत्र.

योजनेच्या आरंभकाळाविषयी एकमत नाही. काही लेखक पागे यांनी १९६५ च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना विसापूरहून लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात, तर इतर काही जण सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील प्रायोगिक कामांपासून, म्हणजे १९६९ च्या आसपास, तिची गणना करतात. पत्र हा विचाराचा आणि तासगाव हा अंमलाचा आरंभ मानल्यास दोन्ही मते जुळतात; असे मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. ही योजना १९७२ च्या दुष्काळातून जन्मली, हा रूढ समज मात्र कालक्रमाला धरून नाही. ती राज्यभर लागू झाली १९७२ मध्ये. त्यानंतर दुष्काळी कामांचा व्याप एवढा वाढला की १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली आणि मूळ योजना काही काळ मागे पडली. खडी फोडणाऱ्या बाया, झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीतले मूल आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) ही त्या पिढीच्या स्मरणातील चित्रे दुष्काळी कामांची आहेत. दुष्काळ सरला की काम बंद, हा जुना शिरस्ता मोडून कामाची हमी कायमची करणे, हेच पागे यांचे खरे कर्तृत्व होय.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते १५ दिवसांत देणे, न दिल्यास बेकारी भत्ता देणे, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली. खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम अशा रीतीने खेड्यातील मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते ही प्रमुख कामे. १९९० पासून फळबाग लागवडीची जोड मिळाली. मजुरी मोजमापावर ठरत असल्याने खोदलेल्या मातीचे माप हा मजुरांच्या जिव्हाळ्याचा, अनेकदा तक्रारीचाही विषय राहिला.

केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. पागे यांना रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून गौरविले जाते. राज्य विधानमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.