ठसका लागतो, पण वास येत नाही

गेल्या फाल्गुनात हरिपूरला आत्याकडे गेलो होतो. गॅसवर दूध करपून पातेल्याचा तळ काळा पडला होता आणि आत्या दोन हातांवर बसून कोथिंबीर निवडत होती. "अगं, वास नाही आला?" विचारलं, तर म्हणाली, "वय झालं रे आता, चालायचंच." खात्री करायची म्हणून वहिनीने लाल मिरचीची फोडणी घातली. आत्याला सणसणीत ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "येतोय की वास!" म्हणून सगळे निर्धास्त झाले.

पण ठसका म्हणजे वास नव्हे. मिरचीची झोंब, कांद्याने डोळ्यांत येणारं पाणी, बामचा गारवा ही सगळी ट्रायजेमिनल नावाच्या नसेची कामं. चेहऱ्याला चटका बसला, टोचलं, की मेंदूला कळवणारी हीच नस. वासाची नस वेगळी. ती पार निकामी झाली तरी माणूस फोडणीने खोकतो, आणि घरच्यांना वाटतं, नाक शाबूत आहे. म्हणून डॉक्टर तपासताना डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीशी कॉफीची पूड धरतात, मिरची नाही.

वास घेणारा भाग नाकाच्या पार वर, छताशी असतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा अस्तराचा तुकडा, त्यात लाखो चेतापेशी. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी कुठेतरी आत सुरक्षित असतात. या मात्र थेट बाहेरच्या हवेला भिडलेल्या. त्यांचे बारीक धागे चाळणीसारख्या भोकं असलेल्या हाडातून वर मेंदूत जातात. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक, म्हणजे या पेशींवरची गंधाचे कण पकडणारी प्रथिनं (रिसेप्टर), आहेत. एकेका वासाला एकेक ग्राहक असं नसतं. हळदीचा वास काहींना चेतवतो, गुळाचा दुसऱ्या काहींना, आणि मेंदू त्या जुळणीवरून वास ओळखतो, जशी मोजक्या अक्षरांतून सगळी भाषा होते. या ग्राहकांची जनुकं रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एवढ्या उघड्यावर राहायचं म्हणजे झीज आलीच, म्हणून या पेशी मरतात आणि खालून नव्या येत राहतात. चेतापेशींच्या जगात ही चैन फार थोड्यांना आहे.

वास जातो कसा? बहुतेकदा साध्या कारणाने: सर्दी, सायनसची सूज, किंवा आपल्याकडे ज्याला 'नाकात मांस वाढलंय' म्हणतात ते. वाट बंद झाली की गंधाचे कण वर पोचतच नाहीत. यावर उपचार आहेत, तेव्हा 'वय झालं' म्हणून बसून राहण्यात अर्थ नाही. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला तर चाळणीतले धागे तुटू शकतात. आणि कोविडमध्ये अनेकांचा वास एका रात्रीत गेला, तोही नाक न चोंदता. तिथे विषाणूने मुख्यतः चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना गाठलं होतं. घर शाबूत, पण वीज-पाणी बंद, तशातली गत.

डॉक्टर जास्त लक्ष देतात ते सावकाश, नकळत जाणाऱ्या वासाकडे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या बहुसंख्य रुग्णांचा वास कमी झालेला असतो, आणि तोही हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी 2003 मध्ये मांडलं की या आजारातल्या प्रथिनांच्या गाठी मेंदूच्या गंधकेंद्रात अगदी सुरुवातीला दिसतात. अल्झायमरमध्येही पहिली पडझड ज्या भागात होते तो वास आणि आठवण यांच्या वाटेवरचाच. लगेच धसका घेऊ नका. वास गेलेल्या बहुतेकांना यातलं काहीही नसतं. पण जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं आणि वास जाणं, हे तिन्ही एकत्र असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला सांगावं.

अमेरिकेत 57 ते 85 वयाच्या 3,005 जणांना पाच वास ओळखायला दिले होते. पाच वर्षांनी पाहिलं तर वास अजिबात न येणाऱ्यांपैकी 39 टक्के लोक हयात नव्हते; चांगलं नाक असलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. वास गेल्याने माणूस मरत नाही, पण शरीराची डागडुजी मंदावल्याची खूण नाकात आधी दिसत असावी, असा एक तर्क आहे. मला तो पटतो.

घरात बोच लागते ती जेवणाची. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. तो नसला की सांगलीच्या भडंगात उरतं फक्त खारट, तिखट आणि कुरकुरीत, लसूण गायब. आत्याने मीठ वाढवत नेलं होतं ते यामुळेच. आणि गॅस! सिलिंडरमधल्या वायूला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. आत्याच्या बाबतीत ती सगळी योजनाच फुकट. पूर्वी हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत; पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आतला प्राणवायू संपलाय हे नाकाला कळत नाही. तीच सावधगिरी म्हणून ओट्याजवळ गळती ओळखणारं यंत्र बसवून घेतलं.

मिरजेच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. मांस वाढलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापाचा संशय. त्यांनी वासाचा सराव सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये दाखवलेली ही पद्धत: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, दिवसातून दोनदा, प्रत्येक वास मन लावून काही सेकंद हुंगायचा, निदान 12 आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण खर्च जवळपास शून्य.

आत्या रोज चार डब्या घेऊन बसते. निलगिरी गार लागते म्हणते, लवंग किंचित झोंबते. म्हणजे तिथे ती ट्रायजेमिनल नसच बोलते आहे. गुलाबाचा पत्ता नाही. परवा लिंबाच्या सालीची डबी नाकाशी बराच वेळ धरून म्हणाली, "काहीतरी येतंय खरं. पण हे लिंबू नव्हे, जळकं काहीतरी आहे." डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नव्या पेशींची जुळणी होताना असे उलटसुलट वास येतात, डबी बदलू नका.