मेटलसाठी हेडफोन घेताना आधी गादी बघा

आषाढात पत्र्याच्या घरात हेवी मेटल संगीत ऐकायचं तर पहिली झुंज पावसाशी असते. पत्र्यावरच्या सरींचा आवाज एका पट्टीतला नसतो. खालच्या गडगडीपासून वरच्या चरचरीपर्यंत तो सगळीकडे पसरलेला असतो आणि सिंबलची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, बारीक किणकिण नेमकी त्यात बुडते. मागून उघडे असलेले हेडफोन इथे कुचकामी ठरतात, त्यामुळे कोकणात क्लोज्ड-बॅकला, म्हणजे मागून बंद वाट्यांच्या हेडफोनला, पर्याय नाही. अडचण अशी की स्वस्तातले बरेचसे क्लोज्ड-बॅक ‘एक्स्ट्रा बास’च्या नावावर खपतात, आणि मेटलचा घात तोच बास करतो.

तो का, हे समजण्यासाठी या संगीताची घडण पाहू. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये 82 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांनी, वाजते. ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने किशोरवयात बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांना झेपावं म्हणून त्याने पातळ तारा वापरल्या आणि 1971 च्या सुमारास त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तेव्हापासून मेटल खाली-खालीच जात राहिलं आहे. सात तारांच्या गिटारची खालची तार सुमारे 62 हर्ट्झची असते, आठ तारांच्या गिटारची 46 हर्ट्झची.

मेटलची पॉवर कॉर्ड म्हणजे मुळात सा आणि प एकत्र. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या यंत्रणेतून, गेल्यावर या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची वजाबाकीही ऐकू येते. 82 आणि 123 वाजवले की 41 हर्ट्झचा खर्ज आपोआप उभा राहतो. त्याच वेळी वरच्या अंगाला स्वरांशांची दाट गर्दी होते आणि ती साधारण 5000 हर्ट्झपर्यंत पोहोचते. त्यापुढे गिटार अँपचा स्पीकरच आवाज सोडून देतो. गिटारचा करकरीतपणा या गर्दीत असतो, खर्जात नसतो.

ड्रमची कथाही अशीच आहे. मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीत दोन्ही पायांनी वाजवायचा बेस ड्रम (डबल बेस) सोळाव्या मात्रांनी, म्हणजे एका ठोक्यात चार प्रहार असा, वाजला, तर सेकंदाला तेराहून जास्त प्रहार होतात. दोन प्रहारांत 75 मिलिसेकंदांचं अंतर. प्रत्येक प्रहाराचे दोन भाग असतात: 50 ते 100 हर्ट्झचा दणका आणि 2 ते 5 हजार हर्ट्झमधली टक्क. शिमग्यात पालखीचे ढोल लांबून ऐकले की नुसता घुमारा येतो आणि जवळ गेल्यावर टिपरूचा घाव कळतो, तसंच हे आहे. प्रहार वेगवेगळे मोजता येतात ते त्या टक्कमुळे. आता हेडफोनने 100 ते 250 हर्ट्झचा पट्टा फुगवला तर काय होईल? खालचा आवाज वरच्याला झाकतो, हा आपल्या कानाचाच गुणधर्म आहे. उलटं तेवढं होत नाही. त्यामुळे गिटारची धार आणि ड्रमची टक्क, दोन्ही त्या फुगवट्याखाली जातात. उरतो तो गाळ.

मग चांगला बास येतो कुठून? 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते आणि कानावरची वाटी जेमतेम काही सेंटिमीटरची. एवढ्याशा जागेत लहर मावणार कशी? तिथे होतं ते असं: ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे आला की कोंडलेली हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते, आणि कानाचा पडदा तोच दाब ओळखतो. हे साधायचं तर हवा खरोखर कोंडलेली हवी. वाटीच्या कडेची गादी आणि गालफड यांच्यात बारीक फट राहिली की दाब निसटतो. कंपन जितकं संथ, तितका हवेला निसटायला जास्त वेळ, म्हणून फटीतून सर्वांत आधी जातो तो खर्जच. चष्म्याची काडी एवढी फट सहज पाडते. चष्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड गादीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

ही गादी बहुतेक वेळा नकली चामड्याची असते, आणि कोकणात तिचं आयुष्य कमी. दमट हवेतली वाफ पॉलियुरेथेनच्या साखळ्या हळूहळू तोडते, त्यात घामाचं मीठ आणि तेलाची भर पडते. मग काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात आणि बास पातळ होतो. लोकांना वाटतं ड्रायव्हर गेला. पुष्कळदा गेलेली असते फक्त गादी. मखमली गादीचे असे पापुद्रे निघत नाहीत आणि मे महिन्यात ती कानाला सुसह्यही वाटते. पण ती थोडी हवा सोडते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. म्हणून खरेदीआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का, हे बघाच.

या कसोटीवर स्टुडिओत वापरायचे साधे हेडफोन खरे उतरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम20एक्स त्यात सर्वांत स्वस्त, पण त्याची वायर सुटी होत नाही. एम40एक्सची होते, आणि पैसे असतील तर मी तोच सुचवेन. सेनहायझरचा एचडी 280 प्रो बाहेरचा आवाज चांगला अडवतो, मात्र डोक्याला घट्ट बसतो. सोनीचा एमडीआर-7506 टक्क अगदी स्पष्ट दाखवतो, पण सिंबल ज्यांना बोचतात त्यांनी आधी ऐकून घ्यावा. हे सगळे फोनवर किंवा टाइप-सी डोंगलवर चालतात. बायरडायनॅमिकच्या डीटी 770 ची 250 ओहमची (जास्त विद्युत अवरोधाची) आवृत्ती मात्र फोनला झेपत नाही. डब्यावरचं ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ खुशाल दुर्लक्षित करा. आवाज कुठे किती चढतो-उतरतो, हे त्यावरून काहीच कळत नाही.

हेडफोन हातात आला की टोन जनरेटरच्या अ‍ॅपवर 40 हर्ट्झचा सूर लावा आणि वाट्या हलकेच डोक्याशी दाबा. दाबताच सूर एकदम भरीव झाला, तर फट आहे. मग ओळखीचं एखादं गाणं लावा. मेटलमध्ये एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची सुरावट, दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवण्याची पद्धत आहे. त्या दोन गिटार वेगळ्या ऐकू यायला हव्यात आणि त्यांच्या मध्ये बेस गिटारची ओळ सापडायला हवी. परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करून घ्या.

बंद वाट्या पावसाची चरचर छान अडवतात, कारण वरच्या कंपनसंख्या अडवणं सोपं असतं. रेल्वेचा घरघराट मात्र आत येतोच. कोकण रेल्वेच्या करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तो वाढला की हात आपसूक आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. त्यात हल्लीचं मेटल इतकं कॉम्प्रेस केलेलं, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबलेलं, असतं की कानाला मध्ये उसंत मिळत नाही. म्हणून बोगद्यात आवाज आहे तिथेच ठेवा, आणि बास कमी वाटला तर आधी वाट्या नीट बसवून बघा.